मिना राठोड, हजर

थावरा नाईक तांड्याच्या शाळेत सकाळी आधी यंत्राला तोंड दाखवावं लागतं, मग सरस्वतीला नमस्कार. व्हरांड्याच्या खिडकीत, गजांच्या आतल्या बाजूला, एक टॅब बसवलाय, रात्रंदिवस चालू असलेला. लेकरानं त्याच्यापुढे उभं राहायचं, हनुवटी वर करायची, की आतली बाई बोलते, ‘देविदास चव्हाण, हजर.’ आमच्या लहानपणी नाव गुरुजी घ्यायचे आणि हजर आम्ही ओरडायचो. इथं दोन्ही कामं यंत्रच करतं. लेकरानं नुसतं उभं राहायचं.

मी पुसेगावची. डी.एड.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सरावासाठी कॉलेजनं मला साखऱ्याच्या पलीकडच्या या तांड्यावर धाडलं तेव्हा घरच्यांनी नाक मुरडलं, पण मी खुशीत होते. मला ‘अध्ययनात तंत्रज्ञान’ या विषयावर निबंध लिहून द्यायचा होता, आणि शाळेत चेहरा ओळखणारा टॅब म्हणजे आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. कॉलेजात खडू-फळ्याची बाजू घेणाऱ्यांशी मी तावातावाने भांडलेली आहे. मास्तर दमतो, चिडतो, पुढच्या बाकावरच्यांचे लाड करतो. यंत्र तसलं काही करत नाही, असं मी व्यासपीठावरून ठणकावून सांगितलं होतं. टाळ्याही पडल्या होत्या.

पहिल्या सकाळी मी खिडकीपाशी उभी राहून रांग लावत होते. सगळ्यात शेवटी सहा-सात वर्षांची एक मुलगी आली. शाळेचा निळा फ्रॉक तिच्या मापापेक्षा बराच मोठा होता आणि तेल चोपडून घातलेल्या दोन वेण्या इतक्या घट्ट, की भुवया ताणल्या गेल्या होत्या. तिनं टॅबसमोर हनुवटी वर केली. पडद्याच्या कोपऱ्यात तिचा फोटो उमटला.

‘मिना राठोड, हजर.’

रांगेतली कुजबुज बंद झाली. आत जाऊन बसलेली लेकरंसुद्धा दाराकडे बघायला लागली. ती मुलगी मात्र मान खाली घालून माझ्यासमोरून वर्गात गेली.

‘मॅडम, ती मिना न्हाई,’ देविदास माझ्या कानाशी येऊन म्हणाला. ‘दिपा हाय ती.’

‘मग मिना कुठंय?’

‘मेली की.’

मी वर पाहिलं. कुंपणाच्या भिंतीपलीकडे एक बाई उभी होती, डोक्यावर पदर, काखेत विळा. यंत्राचे शब्द तिनं ऐकले होते. ती हसली, पदर सावरला आणि शेताच्या वाटेला लागली.

मुख्याध्यापक विजयकुमार सर म्हणजे मनानं लोण्याचा गोळा, पण डोक्याला ताप नको असलेला माणूस. दुपारच्या सुट्टीत मी त्यांना धरलंच. त्यांनी चहा बशीत ओतला, तो पार गार झाला तरी पिईनात.

‘मिना तिची मोठी बहीण,’ ते म्हणाले. ‘गेल्या हंगामात मायबापासंगं ऊसतोडीला गेली व्हती. तिकडंच तापानं गेली. मातीबी तिकडंच झाली. इथं कुणी काही बघितलं न्हाई.’

‘मग नाव काढलं नाही का?’

‘कागदावरून काढलं की. टॅबातून काढायचं तर चेहरा पुसावा लागतो. बटन माझ्याच हातात हाय, मॅडम. पर दाबायला गेलं की तिचा फोटो मोठा होऊन समोर येतो आन खाली विचारतंय, नक्की पुसायचं? दोनदा बसलो, दोन्ही बारीला उठलो. मला न्हाई जमत.’

जूनमध्ये दिपा पहिलीत आली. सरांनी तिचा चेहरा नोंदवायला घेतला, तर यंत्र म्हणालं, हा चेहरा आधीच नोंदवलेला आहे. मिनाचा फोटो ती पहिलीत असतानाचा, आणि दिपा आता त्याच वयाची. दोघी बहिणी एका साच्यातून काढलेल्या. मिनाला पुसल्याशिवाय दिपा आत जात नव्हती. सर म्हणाले, बघू पुढं. आणि शाळेच्या पहिल्या दिवशी यंत्रानं मिना राठोड हजर म्हटलं, तेव्हा त्या दोघींची आई, अनुसयाबाई, भिंतीपाशीच उभी होती. त्या दिवसापासून ती रोज सकाळी येते.

मला वाटलं, सोपं आहे. लेकराला तिच्या नावानं हाक मारायची, शिकवायचं, आईची समजूत घालायची. यंत्र बिघडत नाही, वापरणारा बिघडतो, हेही मी त्या व्यासपीठावरून बोलले होते.

शाळेला दोनच खोल्या. पहिलीची रांग दाराशी, तिसरीची खिडकीशी. दिपा थेट जाऊन तिसरीत बसायची, मिना आज असती तर जिथं बसली असती तिथं. मी ‘दिपा’ म्हणून हाक मारली तर ती बघायची नाही. कानाचा काही दोष असेल म्हणून मी मागून टाळी वाजवली. पटकन वळली. कान तिखट होते. तिसरीचं पुस्तक उघडून ती बोट फिरवत बसायची, वाचता एक अक्षर येत नव्हतं. प्रत्येक ओळ संपली की नाक चोळायची.

‘मिना अशीच करायची,’ पोरं सांगायची. सांगताना तिच्यापासून जरा सरकून बसायची.

निबंधासाठी आणलेले कोरे कागद माझ्या पिशवीत तसेच पडून होते. काय लिहिणार? शिकायला वर्गात आधी कुणीतरी यावं लागतं, आणि जिला मी शिकवणार होते ती दिपा वर्गात आलेलीच नव्हती. हे मला रात्रंदिवस टोचत होतं. पहिलीतली दुसरी लेकरं गाणी म्हणत होती, मणी मोजत होती आणि ही पोर एका मेलेल्या मुलीची शाळा करत होती.

मग मी एक शहाणपणा केला. टॅबवरच्या मिनाचा फोटो माझ्या मोबाईलवर काढला, सेनगावात मोठा करून घेतला, लॅमिनेशन करून घेतलं. मिनाच्या बापाचा, रूपसिंगचा, मोबाईल ऊसतोडीला असतानाच कॅनॉलमध्ये पडला होता, त्यामुळे त्यांच्याकडे तिचा एकही फोटो उरला नव्हता. हातात फोटो आला की आईला यंत्राची गरज उरणार नाही, असा माझा हिशोब.

अनुसयाबाई अंगणात सोयाबीन पाखडत होती. दिपा तिच्याजवळच, सुपातून उडालेले दाणे वेचत बसली होती. मी फोटो पुढे केला. अनुसयाबाईनं सूप खाली ठेवलं, हात लुगड्याला पुसले, पण फोटो घेतला नाही.

‘भिंतीवर लावा, ताई,’ मी म्हणाले.

‘भिंतीवरल्या फोटोला हार घालतेत, बाई.’

मी फोटो तसाच पुढे धरून ठेवला.

‘आन फोटो बोलतो का?’ ती म्हणाली. ‘तुमची मशीन बोलती. सरकारी मशीन हाय. ह्यो देविदास घरी राहिला तर बराबर सांगती, आला न्हाई म्हणून. एकाचं खोटं सांगत न्हाई. मग माझ्या मिनाचंच खोटं काहून बोलंल?’

‘पण ताई, दिपाचं काय?’

‘दिपाला काय झालं? हाय की.’ शेजारी बसलेल्या पोरीकडे मान न वळवता ती म्हणाली. फोटो मात्र शेवटी घेतला आणि पदराखाली धरला.

रूपसिंग मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. माझ्या स्कुटीपाशी येऊन थांबला. मग म्हणाला, ‘बाई, हिनं अजून टिपूस काढलं न्हाई. आमच्यात दुख झालं की बाया गळ्यात पडून गाऊन रडतेत. तोडीवरून आलो तवा तांड्यातल्या साऱ्या बाया दारात आल्या व्हत्या. हिनं दार लावून घेतलं. आता म्हणती, यंदा तोडीला येत न्हाई. मिनाची शाळा बुडंल.’

हे तो इतक्या साध्या आवाजात बोलला, की मला स्कुटीची किल्ली सापडेना.

पुढच्या सोमवारी मी आले तर विजयकुमार सर व्हरांड्यात मोबाईल हातात घेऊन उभे. चेहरा पांढराफटक.

‘मॅडम, काल रविवार व्हता ना?’

‘होता की.’

‘ऑफिसातून विचारून राहिले, रविवारी तुमच्या शाळेत एक विद्यार्थिनी हजर कशी?’

कोण ते विचारायची गरज नव्हती. आम्ही दोघांनी एकदम खिडकीकडे पाहिलं. उन्हं वर आली होती, अंगणात लेकरं पकडापकडी खेळत होती, तरी खिडकीजवळ जायला आम्ही दोघंही धजत नव्हतो.

उलगडा देविदासनं केला. ‘मिनाची याडी आली व्हती,’ तो म्हणाला. तांड्यात आईला याडी म्हणतात. ‘फोटो धरला व्हता मशीनपुढं. खाली घ्यायची, परत वर धरायची. मशीन सारखं म्हणून राहिलं, मिना राठोड हजर, मिना राठोड हजर. आमी खेळ सोडून पळालो.’

‘आणि दिपा?’

‘ती पायरीवर बसली व्हती.’

मी दिलेला फोटो. माझंच शहाणपण. आता आईला मिना हजर व्हायला दिपाची गरजही उरली नव्हती, आणि ते त्या पोरीला पायरीवर बसल्या बसल्या कळलं होतं. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा तिच्या गालावर काजळाची भलीमोठी तीट होती. फोटोतल्या मिनाच्या गालावर अशीच होती. फक्त फोटोत बघून लावल्यामुळे ती चुकीच्या गालावर गेली होती.

मी तिला बाजूला घेतलं, पायरीवर बसवलं, स्वतः खाली बसले.

‘हे कुणी लावलं गं?’

‘मी.’

‘काहून?’

तिनं नाक चोळलं. मग माझ्याशी पहिल्यांदा एक पूर्ण वाक्य बोलली.

‘दिपाकडं याडी बघत न्हाई.’

मला रडू आलं आणि रागही आला. आईचा, सरांचा, त्या खिडकीतल्या गोड आवाजाच्या बयेचा. मी तरातरा सरांकडे गेले. ‘सर, आज पुसायचंच.’

‘पुसा तुमी,’ ते म्हणाले आणि टॅब उघडून देऊन चक्क मुतारीकडे निघून गेले.

मिनाचा चेहरा पडदाभर झाला. पुढचा एक दात पडलेला, डोळे फोटो काढणाऱ्याकडे न बघता कुठंतरी बाजूला. बहुधा कुणीतरी तिला हसवत होतं. खाली विचारलं होतं, नक्की पुसायचं? होय. नाही. माझं बोट होयच्या वर कितीतरी वेळ थांबलं. जिची माती झाली तेव्हा मी तिला ओळखतही नव्हते, तिला मी कोण पुसणारी? व्यासपीठावरची वाघीण मी, पण ‘नाही’ दाबलं आणि गुपचूप वर्गात आले.

पावसाळ्यानं शाळेच्या अंगणात चिखल करून ठेवला होता. त्यावर टाकायला ग्रामपंचायतीनं मुरूम पाठवला. तांड्यातलाच योगेश ट्रॅक्टर घेऊन आला, गाणं हे एवढ्या मोठ्यानं लावलेलं. सुट्टीची वेळ होती. लेकरांना मी व्हरांड्यात ओढून घेतलं, डोकी मोजली, एक कमी. दिपा अंगणाच्या मध्यावर पाठमोरी बसून खडे मांडत होती. आणि योगेशनं ट्रॉली मागे घ्यायला सुरुवात केली.

‘दिपा!’ मी ओरडले. ‘ए दिपा, ऊठ!’

भिंतीपलीकडून माझ्यापेक्षा मोठा आवाज आला. ‘दिपा! दिपाऽऽ!’ अनुसयाबाई होती. डोक्यावरचा भारा टाकून भिंतीवर चढत होती. एवढ्या महिन्यांत तिच्या तोंडून त्या नावाची हाक तांड्यात कुणी ऐकली नव्हती. घसा फाडून ती हाका मारत होती आणि दिपा एक खडा उचलून दुसऱ्याशेजारी ठेवत होती. तिला ऐकू येत होतं, मी शपथेवर सांगते. आवाज नेहमी होत असतात तसे ते होत होते, इतकंच.

ट्रॉली तिच्या पाठीशी आली.

‘मिना!’ मी किंचाळले.

ती ताडकन उठली आणि माझ्याकडे पळत आली. ती बसली होती तिथून चाक गेलं. खडे चिखलात दाबले गेले. मग कुठं योगेशनं ब्रेक मारला.

अनुसयाबाई धावत आली आणि आयांची रीतच असते, तिनं आधी पोरीच्या पाठीत दोन धपाटे घातले. ‘ऐकू येत न्हाई व्हय गं? किती हाका मारल्या! किती हाका मारल्या तुला!’

दिपानं मार खाल्ला, रडली नाही. खरंच न कळून आईला म्हणाली, ‘मला कुठं मारल्या? तू तर दिपाला मारल्या.’

अनुसयाबाईचा हात वरच राहिला. योगेशचं गाणं अजून चालूच होतं, ते सरांनी जाऊन बंद केलं. ती पोरीच्या तोंडाकडे बघत राहिली. पदराचं टोक थुंकीनं ओलं करून तिनं तिच्या गालावरचं काजळ पुसलं, घासून घासून, गाल लाल होईपर्यंत. मग उठली आणि खिडकीपाशी आली.

‘बाई, काय दाबायचं ते दाखवा.’

सरांनी टॅब गजांतून बाहेर काढला. मिनाचा चेहरा पडदाभर झाला. खालचं मी तिला वाचून दाखवलं, ‘विचारतंय, नक्की पुसायचं?’

‘व्हय,’ ती म्हणाली आणि बोट ठेवलं.

काही झालं नाही. कोयता धरून धरून तिच्या बोटाची कातडी जोड्याच्या चामड्यासारखी झालेली. यंत्राला ते बोट कळेचना. तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा नाही. सर म्हणाले, ‘मी दाबू का?’ तिनं मान हलवली. बोट पदराला पुसलं, फुंकर मारली, परत दाबलं. समोर लेक हसत होती आणि आई तिला पुसत होती, आणि ती पुसली जात नव्हती. आम्ही दोघं शिकलेली माणसं शेजारी दगडासारखी उभी होतो.

शेवटी ते लागलं. पडदा पांढरा झाला.

अनुसयाबाई व्हरांड्यात बसली. आधी नुसता श्वास आत ओढल्यासारखा आवाज आला, मग त्याला सूर लागला. त्यांच्या गोरमाटी बोलीतले शब्द मला कळत नव्हते, मिनाचं नाव तेवढं कळत होतं, ते प्रत्येक ओळीच्या शेवटी येत होतं. तांड्यातून एक बाई आली, मग दोघी, मग सगळ्याच. तिच्या गळ्यात पडून, डोकी एकत्र घेऊन त्या रडत होत्या, गात होत्या. लेकरं भिंतीला टेकून गप्प उभी होती. दिपा माझा हात धरून उभी होती. तिचा हात ओला आणि गरम होता.

शाळा सुटायच्या आधी सरांनी दिपाचा फोटो घेतला. या वेळी यंत्र काही म्हणालं नाही.

त्या संध्याकाळी मी निबंध लिहायला बसले. यंत्र चेहरा ओळखतं, हाक मारायचं काम त्याचं नाही, असं एक वाक्य लिहिलं. वाचून बघितलं तर ते टाळ्या घेणारं वाटलं. खोडून टाकलं.

सकाळी मी लवकर गेले. रांग लागली. देविदास, मग त्याची भावंडं, मग बाकीची. दिपा सगळ्यात शेवटी. भिंतीपलीकडे अनुसयाबाई होती, डोळे सुजलेले, पदर तोंडावर. ती आज यंत्राकडे बघत नव्हती, लेकीकडे बघत होती. दिपानं हनुवटी वर केली.

‘दिपा राठोड, हजर.’

दिपा तिथंच थांबली. मग कोण आलंय ते बघायला तिनं मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं, मोकळं अंगण होतं आणि नवा मुरूम. ती थोडा वेळ वाट बघत राहिली, आणि मग जी येणार होती तिला जागा करून द्यायला खिडकीपासून बाजूला सरकली.